डोंगेवाल्या काकांना

काका, नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. घाई करू नको, जोडाक्षरं नीट वाच, असं तिला बजावून ठेवलंय. तोंडावर बोलायला गेले असते तर तुम्ही ‘राहू द्या जी बाई’ म्हणून डोंगा वळवला असता. म्हणून लिहिते, आणि चार लोकांनी वाचावं अशा ठिकाणी लिहिते.

परवा नागपूरहून मडगावची गाडी आहे. गोव्याला समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन ९० किलोमीटर सायकल चालवायची, मग २१.१ किलोमीटर धावायचं, आणि हे सगळं साडेआठ तासांत. पोहायला १ तास १० मिनिटं मिळतात. तेवढ्यात काठाला लागलं नाही तर शर्यत तिथंच संपते. सायकलची मला भीती नव्हती, साकोलीहून नवेगावबांधकडे जाणारा रस्ता मी भर पावसात तुडवलाय. अडलं होतं ते पाण्यापाशी.

पाण्यासाठी कुठं कुठं फिरले ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. शहरातल्या एका स्विमिंग पुलाने वर्षाची फी घेतली आणि बायकांची वेळ ठेवली दुपारी बारा ते एक. शाळा सोडून कोणती मास्तरीण त्या वेळेला जाईल? मी रविवारी जाऊन २५ मीटरच्या टाक्यात ७६ फेऱ्या मोजायचे, तर पावसाळ्यात दुरुस्ती म्हणून कुलूप लागलं, ते लागलंच. फी परत मागितली तेव्हा ‘या वयात हे कशाला’ असं ऐकावं लागलं. एका प्रशिक्षकाने तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घेतले आणि चारदा आला. मला अजून राग आहे. पैशांचा नाही. ज्यांचं कामच शिकवायचं आहे, त्यांनी मला वाऱ्यावर सोडलं याचा.

शर्यतीआधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत सराव कमी करत न्यायचा असतो. टेपर म्हणतात त्याला. महिनोन्‌महिन्यांचा थकवा अंगातून निघून जावा म्हणून अंतर जवळपास निम्म्यावर आणायचं. सायकल आणि धावणं मी कमी केलं. पण उघड्या पाण्यातलं पोहणं तर सुरूच झालं नव्हतं, ते कमी काय करणार? मोकळ्या झालेल्या सकाळी मी घरात बसून नुसती घाबरत होते.

तेव्हा तुमच्याकडे आले. आपला मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोहळी समाजाने बांधलेला, पिढ्यान्‌पिढ्या धानाला पाणी देणारा. मी रोज त्याच्या पाळीवरून शाळेत जाते, पण त्यात उतरायचं कधी मनात आलं नव्हतं. तुम्ही एवढंच विचारलं, ‘किती वाजता येता?’ दुसऱ्या दिवशी पहाटे मधल्या पट्ट्यातली जाळी तुम्ही काढून ठेवली होती. पाळीपासून पलीकडच्या बेशरमच्या झुडपांपर्यंत वाट मोकळी. ऐन मासोळीच्या दिवसांत तीन आठवडे तुम्ही तेवढं पाणी माझ्यासाठी सोडलं. मी पैशांचं काढलं तर तुम्ही माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा बोलायची हिंमत झाली नाही. पाळीवर पोरं मोबाइल घेऊन जमली, त्यांनाही तुम्हीच पिटाळलं.

पण काका, हे पत्र तिसऱ्या दिवसासाठी आहे.

धुकं होतं. लांब धानाच्या बांधीतून सारसांची जोडी ओरडत होती. मी मधोमध होते आणि शिंगाड्याची तुटलेली वेल पायाला गुंडाळली. खाली हिरवंकाळं पाणी, धरायला काठ नाही. छाती आवळली, श्वास येईना. आणि तोंडासमोर बांबू आला. तुम्ही ओढलं नाही. ओरडला नाहीत. म्हणालात, ‘दम घ्या. पानी कुठी पळून नाही चाललं.’

आणि तुम्ही माझ्याकडे पाठ केली. डोंग्यात पडलेलं कोरडं जाळं उगाचच उलगडत बसलात. मी बांबूला लटकून खोकले, रडले, नाक पुसलं. किती वेळ, माहीत नाही. बांबू हलका झाल्याचं तुमच्या हाताला कळलं, तेव्हा कुठं वळून विचारलंत, ‘जावाचं का, बाई?’

बुडणाऱ्याला हात देणारे पुष्कळ असतात. आधार देऊन नजर दुसरीकडे वळवणारे मी फार थोडे पाहिले. ही माया कुठल्या वर्गात शिकवत नाहीत, माझ्याही नाही. मी अठरा वर्षं पोरांना वाचायला शिकवते. एखादं अडखळलं की त्याच्या डोक्यावर उभी राहायचे, मदत म्हणून. त्या दिवसापासून कुणी शब्दावर अडलं की मी खिडकीकडे तोंड करून उभी राहते. परवा चौथीतल्या एका मुलाने अख्खी ओळ स्वतःहून काढली. मी वळले तेव्हा तो घामाघूम होता आणि हसत होता.

गेल्या रविवारी पाच फेऱ्या झाल्या. झुडपापर्यंत आणि परत, न थांबता, ५२ मिनिटं. तुम्ही बांबू डोंग्यातच आडवा ठेवला होता, ते मी मान वर काढली तेव्हा पाहिलं. समुद्राचं पाणी वेगळं असेल, लाटा असतील. तिथं काय होईल ते होईल. मी घाबरले तर काय करायचं हे आता मला माहीत आहे: थांबायचं, दम घ्यायचा.

काकूंना नमस्कार सांगा. रोज पहाटे त्या चुलीवर माझ्यासाठी पाणी तापत ठेवायच्या, त्यांच्याशी नीट बोलणंही झालं नाही.

माझ्या चपला तुमच्या डोंग्यात राहिल्यात. राहू द्या तिथंच. सोमवारनंतर घ्यायला येते.

तुमची,
शाळेतली बाई