मावशी, ती चिठ्ठी आईने अजून पाकिटात ठेवलीय

प्रिय मावशी,

सा. न. वि. वि.

सिंगापूरहून येऊन महिना होत आला. सुखरूप पोचल्याचं तेवढं फोनवर कळवलं, पण मनातलं सगळं बोलायचं राहूनच गेलं. खरं तर तुम्ही माझ्या मैत्रिणीच्या मावशी, आपली आधी कधी भेटही झाली नव्हती. तरीही तुम्ही आमच्यासाठी जे केलंत, ते चार ओळींच्या मेसेजमध्ये मावणारं नाही. हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. घरच्या मोठ्या माणसांना घेऊन तिकडे निघालेल्या कुणालाही तुमच्या चार गोष्टी उपयोगी पडतील. तुम्ही सांगितल्याप्रमाणे नाव लिहीत नाही.

आईला न्यायचं ठरलं तेव्हा मला खरी काळजी होती ती जेवणाची. तिचं वय अडुसष्ट. अंडंसुद्धा चालत नाही, मधुमेह आहे, आणि चातुर्मासात कांदा-लसूण बंद. आम्हा दोघांना रजा मिळाली ती नेमकी श्रावणात. मी दशम्या, मेतकूट, भडंग, छोटी किटली असं सगळं बॅगेत भरायला काढलं होतं. सहा दिवस खोलीवर डबा उघडायचा, असं मी ठरवून टाकलं होतं. तुम्हाला फोन केला तो फक्त किटली चालेल का, हे विचारायला. तुम्ही म्हणालात, "आईला सिंगापूर दाखवायला आणतेयस की हॉटेलची खोली?" त्या एका प्रश्नाने आमची सगळी सहल बदलली.

आधी राहण्याचं सांगते, कारण तिथे तुम्ही आम्हाला मोठ्या अडचणीतून वाचवलंत. मी एक फ्लॅट बघून ठेवला होता, स्वयंपाकघर असलेला आणि हॉटेलपेक्षा स्वस्त. पैसे भरायच्या आदल्या रात्री तुम्हाला त्याचे फोटो पाठवले. तुम्ही लगेच फोन केलात, की हे करू नकोस, हे तिथल्या कायद्यात बसत नाही. खासगी घर सलग तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी भाड्याने देता येत नाही आणि सरकारी एचडीबी फ्लॅटला तर किमान सहा महिने लागतात, हे मला कुठून माहीत असणार? जाहिरातीत त्यातलं एक अक्षर नव्हतं. नुसतं "नको" म्हणून तुम्ही थांबला नाहीत. फेरर पार्क आणि लिटल इंडिया या दोन स्टेशनांच्या मधल्या पट्ट्यात साधं हॉटेल बघ, असं सांगितलंत. वर बजावलंत की बुकिंग करताना खिडकी आहे का ते विचार, कारण तिथल्या स्वस्त हॉटेलांत बिनखिडकीच्या खोल्या सर्रास असतात. मी विचारलं, तर आम्हाला दिलेली खोली खरंच बिनखिडकीची निघाली. थोडे पैसे जास्त भरून बदलून घेतली. सकाळी उठून आई त्या खिडकीशी उभी राहायची. खालून सेरंगून रोडवरची रहदारी दिसायची. मग आंघोळ करून ती चालत श्रीनिवास पेरुमाळच्या देवळात जाऊन यायची. दुसऱ्या दिवसापासून तर एकटीच! परक्या देशात आई एकटी चालत देवळात जाऊन येते, हे मी घरी सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना.

मेट्रोच्या जांभळ्या मार्गाचंही तसंच, सोपं. फेरर पार्कपासून चौथं स्टेशन चायनाटाऊन, कुठे गाडी बदलायची नाही. तिकिटासाठी वेगळं कार्ड काढायचीही गरज पडली नाही, आमचं बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्डच फाटकावर चाललं. मात्र प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं, हे तुम्ही सांगून ठेवलंत म्हणून बरं. आणि गाडीत पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, हेही.

आता जेवणाचं.

पहिल्या सकाळी तुम्ही स्वतः टेक्का सेंटरला आलात. आम्ही बाहेरून बघत होतो आणि मला वाटलं, हा तर बाजार, इथे आई काय खाणार? एका अंगाला भाजी आणि मासळी, वर कापडाची दुकानं, आणि खालीच ओळीने खाण्याचे गाळे. ज्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलंय ते रिकामं दिसलं तरी कुणीतरी धरलेलं असतं, हे तिथेच तुमच्याकडून कळलं. तुम्ही तुमच्या पर्समधलं पाकीट काढून टेबलावर ठेवलंत आणि आईला म्हणालात, "बसा, आता ही जागा आपली." हे सगळे विक्रेते पूर्वी रस्त्यावर गाड्या लावायचे, सत्तर-ऐंशीच्या दशकांत सरकारने त्यांना पाणी, गटार आणि छप्पर देऊन अशा हॉकर सेंटरांत आणलं, हेही तुम्हीच सांगितलंत. युनेस्कोने २०२० मध्ये त्या हॉकर संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं. पण तुमचा अभिमान त्या यादीपेक्षा जुना आहे, हे तुमच्या बोलण्यातून जाणवत होतं.

मग तुम्ही आईसमोर पुटु मायम ठेवलंत. वाफवलेल्या तांदळाच्या शेवया, वर खवलेलं ओलं खोबरं आणि बाजूला तपकिरी साखर. आईने एक घास घेतला आणि हात तसाच धरून बसली. मला वाटलं, आवडलं नाही. ती म्हणाली, "अगं, हे तर शिरवाळे!" आमच्याकडे कोकणात शिरवाळे नारळाच्या रसात गूळ घालून त्याच्याबरोबर खातात. आजी गेल्यापासून घरात कुणी केले नव्हते. आईने मधुमेह बाजूला ठेवून ती साखरसुद्धा चिमूटभर घेतली, आणि मी काही बोलले नाही. दुपारी चेंडोल पाहिल्यावर तर तिने मलाच समजावून सांगितलं, की हा रसच आहे, फक्त बर्फ घातलाय आणि गूळ माडाचा आहे.

ताट उचलून नेऊन ठेवायचं, नाहीतर दंड होऊ शकतो, हे तुम्ही सांगायच्या आतच आई ताट घेऊन उठली होती. हलाल ताटांचा रॅक वेगळा असतो, तो तेवढा तुम्ही दाखवलात.

आणि ती चिठ्ठी! तुमच्या शेजारच्या चिनी आजींकडून तुम्ही जाड पुठ्ठ्यावर लिहून आणलीत. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, सुकी कोळंबी नाही, ऑयस्टर सॉस नाही. खालच्या ओळीत कांदा-लसूण नाही. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हटलं की फसगत कुठे होते, ते तुम्ही एकेक करून समजावलंत. साध्या परतलेल्या पालेभाजीत सुकी कोळंबी असते, सांबाल या मिरचीच्या चटणीत बेलाचान म्हणजे कोळंबीचं आंबवलेलं वाटण, रोजाक या फळांच्या कोशिंबिरीतही कोळंबीची काळी पेस्ट, आणि टोस्टवरच्या काया जॅममध्ये अंडं. हे कुणी लपवून ठेवत नाही. तिथे त्याला कुणी मांसाहार समजत नाही, इतकंच. हा फरक कळल्यावर माझी भीती गेली.

कांदा-लसणासाठी तर मी आशाच सोडली होती. तुम्ही म्हणालात, आपल्या लोकांच्या हॉटेलात शोधू नकोस, चिनी बौद्ध शाकाहारी गाळा शोध. त्यांच्यात कांदा, लसूण, पात वर्ज्य, जुन्या नियमाप्रमाणे हिंगसुद्धा. मला खरंच माहीत नव्हतं. वॉटरलू स्ट्रीटवर क्वान इम या चिनी देवीचं देऊळ आणि त्याला लागूनच कृष्णाचं देऊळ, तिथे तुम्ही आम्हाला पाठवलंत. एक १८८४ चं, दुसरं १८७०चं. चिनी बायका क्वान इमला उदबत्त्या लावून झाल्या की कृष्णाच्या दारातही उदबत्ती लावत होत्या. आई किती तरी वेळ ते बघत उभी होती.

तिथून जवळच फॉर्च्यून सेंटरमध्ये शाकाहारी खाणावळी आहेत. दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. चिनी महिन्याची पहिली आणि पंधरावी तिथी बरेच लोक शाकाहार पाळतात, आणि पंधरावी आपल्या पौर्णिमेच्या आगेमागेच येते, त्यामुळे रांग मोठी होती. आमची पाळी आल्यावर आईने पुठ्ठा पुढे केला. गाळ्यावरच्या बाईंनी हात पुसून तो घेतला, डोळ्यांजवळ धरून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि आईकडे बघून मान डोलावली. मग चिमट्याने एकेक ट्रे दाखवत गेल्या, हा चालेल, हा चालेल. एका ट्रेवर मात्र आडवा हात धरला. त्यात अंडं होतं. बी हून म्हणजे तांदळाच्या बारीक शेवया, कोबी, टोफू आणि मश्रूम असं त्यांनी वाढलं. पुठ्ठा परत देताना त्याच्या कोपऱ्यावर तेलाचं बोट उमटलं, ते अजून आहे. आईला त्यांची भाषा येत नाही आणि त्यांना आईची. तरी आई जेवून उठल्यावर मुद्दाम परत जाऊन त्यांना नमस्कार करून आली.

चहा-कॉफीचे तुम्ही शिकवलेले शब्द आईला माझ्याआधी पाठ झाले. ओ म्हणजे बिनदुधाची, सी म्हणजे इव्हॅपोरेटेड दुधाची, सिऊ दाई म्हणजे साखर कमी, कोसोंग म्हणजे साखर नाहीच. काही न सांगता नुसतं कोपी म्हटलं की कंडेन्स्ड मिल्क घालून गोडमिट्ट येते, आणि तेह म्हणजे चहा, म्हणून तिचं ठरलेलं, "तेह-सी कोसोंग." तिसऱ्या दिवसापासून ती गाळ्यावर स्वतः सांगायची. दीडेक डॉलरचा चहा, आणि गाळणी लांब कापडाची, आपल्याकडे पूर्वी फडक्याने गाळायचे तशीच. नळाचं पाणी सरळ प्यायचं, हे मात्र तिला पहिल्या दिवशी पटत नव्हतं. तुम्ही तिच्यासमोर नळाखाली पेला धरून प्यायलात, तेव्हा कुठे तिने बाटली विकत घेणं सोडलं.

ह्यांच्यासाठीही तुम्ही सांगून ठेवलं होतंत. हे श्रावण पाळत नाहीत. मॅक्सवेल हॉकर सेंटरचा चिकन राईस आणि लाउ पा सात या दुसऱ्या हॉकर सेंटरच्या लोखंडी मंडपाशेजारी रात्री मिळणारे साते, म्हणजे काडीवर भाजलेलं मांस, दोन्ही त्यांना फार आवडले. बिअर दुकानातून घ्यायची तर साडेदहाच्या आत, त्यानंतर विक्री बंद आणि रस्त्यावर प्यायलाही बंदी, आणि लिटल इंडियात नियम याहून कडक, हे वेळेवर कळलं म्हणून आमची धांदल झाली नाही. रेस्टॉरंटच्या मेनूवर किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं असली की सेवाशुल्क आणि जीएसटी वेगळा लागतो, हेही.

एक गोष्ट तुम्ही केलीत आणि बोलून दाखवली नाहीत. रविवारी लिटल इंडियात आठवड्याची सुट्टी मिळालेल्या कामगारांची गर्दी होते. आई गर्दीला बिचकली, तेव्हा तुम्ही तिचा हात धरलात आणि म्हणालात, "ही इमारती बांधणारी मुलं आहेत, आज त्यांचा घरी फोन करायचा दिवस." त्यानंतर आई गवतावर बसलेल्या त्या मुलांकडे फार वेगळ्या नजरेने बघत होती. त्यातल्या एकाला तिने तमिळ येत नसताना "जेवलास का?" असं मराठीतच विचारलं. तो हसला.

तुमच्या शेजारच्या आजींना आमचा नमस्कार सांगा. त्यांनी लिहिलेला पुठ्ठा आई देवळात जाताना न्यायच्या पाकिटात ठेवते. मी काढायला गेले तर रागावली.

दशम्यांचा डबा तसाच परत आणला, मावशी. आणि तुम्ही डिसेंबरात येणार म्हणालात ना, म्हणून आईने माळ्यावरून आजीचा शिरवाळ्यांचा साचा खाली काढून घासून ठेवलाय. त्याचा एक स्क्रू मिळत नाहीये, तो शोधणं चाललंय.

तुमची,
मैत्रिणीची मैत्रीण, आता तुमचीही भाची