काकू आता कुठे असतील?

तैपेई
रविवार, रात्र

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

काकू गेल्या, आणि परवा फोनवर तू विचारलंस, "आई आता कुठे असेल रे?" आणि मी नुसता गप्प राहिलो. फोन ठेवल्यावर झोप आली नाही. इतक्या वर्षांत काकूंनी मला किती वेळा जेवू घातलं, आणि त्यांच्याबद्दलच्या एका प्रश्नाला माझ्याकडे शब्द नव्हते. उत्तर आजही नाही. पण इथे राहून या प्रश्नाबद्दल जे कानावर आलं, मागाहून वाचलं, ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सुरुवात आमच्या चिमीपासून झाली. तीन वर्षांपूर्वी ती जिन्यावरून पडली. लागलं काहीच नाही, पण पुढे आठवडाभर रात्री दचकून उठायची, घास घशाखाली उतरेना. घरमालकीण आजी म्हणाल्या, "तिचा एक हुन, म्हणजे आत्मा, घाबरून बाहेर राहिलाय, त्याला परत आणायला हवं." त्या आम्हाला शिंगथिएन देवळात घेऊन गेल्या. निळे अंगरखे घातलेल्या स्वयंसेविका ओळीने उभ्या होत्या. त्यातल्या एकीने चिमीचं नाव विचारलं आणि काहीतरी पुटपुटत तिच्या डोक्यावरून, खांद्यांवरून, पाठीवरून हात फिरवले. पैसे घेतले नाहीत. याला शोउजिंग म्हणतात, म्हणजे भेदरलेला जीव गोळा करणं. मला आधी आपली दृष्ट काढणं आठवलं. नंतर लक्षात आलं की हे बरोबर उलटं आहे. आपण बाहेरून लागलेलं उतरवून टाकतो, इथे आतून गेलेलं परत बोलावतात. त्या रात्री चिमी सलग झोपली.

चीनच्या ताओ धर्मपरंपरेत माणसात एकच आत्मा मानत नाहीत. तीन हुन आणि सात पो. हुन हलके, वर जाणारे, त्यांचं घर यकृतात. पो जड, मातीच्या ओढीचे, ते फुफ्फुसात. तिन्ही हुनांना नावं आहेत: ताइगुआंग, श्वांगलिंग, यौजिंग. पोंची नावं ऐकलीस तर चकित होशील. एकाचं नाव 'प्रेतकुत्रा', एक 'दडलेला बाण', एक 'चोर गिळणारा', आणि एक चक्क 'दुर्गंधी फुफ्फुस'. मला ती नावं फार खरी वाटतात. भूक, भीती, वासना, घाम, सगळं धरून माणूस उभा केलाय, नुसती शुद्ध ज्योत नाही. आणि ही मंडळी जिवंतपणीही एका जागी बसत नाहीत. चांद्र महिन्याच्या 3, 13 आणि 23 तारखेच्या रात्री हुन भटकायला निघतात. पो सुटतात ते महिन्याच्या पहिल्या रात्री, पौर्णिमेला आणि शेवटच्या रात्री. साधकांनी त्या रात्री त्यांना आत धरून कसं ठेवायचं याचे विधी लिहून ठेवले आहेत. शिवाय शरीरात 'तीन शव' राहतात. चौथ्या शतकातल्या गे होंग या ताओ ग्रंथकाराने लिहिलंय की आपण लवकर मरावं अशीच त्यांची इच्छा असते, म्हणजे ते सुटे होऊन नैवेद्य खात हिंडतील. दर साठ दिवसांनी एका ठरलेल्या रात्री ते वर आकाशात जाऊन त्या माणसाच्या चुका सांगतात, म्हणून ते निसटू नयेत यासाठी लोक ती रात्र जागून काढत.

माणूस गेला की हुन आकाशाकडे आणि पो जमिनीकडे, असं जुने ग्रंथ सांगतात. आजींसारखी साधी माणसं त्यांच्या पद्धतीने सांगतात: एक आत्मा थडग्यापाशी, एक देव्हाऱ्यातल्या नावाच्या पाटीत, एक पाताळात न्यायनिवाड्याला. म्हणजे तुझ्या प्रश्नाला इथे एक उत्तर नाहीच, बाळ्या. इथल्या हिशेबाने काकू एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी असतील, आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी त्यांची विचारपूस करायची असते.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसलो ती सांगतो. इसवी सनापूर्वी 543 मध्ये चीनमधल्या झेंग राज्यात बोयौ नावाचा सरदार मारला गेला. पुढे काही वर्षांनी त्याच्या भुताने लोकांची दाणादाण उडवली. "बोयौ आला!" म्हटलं की माणसं वाट फुटेल तिकडे पळत. मंत्री झिछानने मांत्रिक बोलावला नाही. त्याने बोयौच्या मुलाला पद दिलं, म्हणजे बापाचं श्राद्धकर्म चालू राहील. भूत थांबलं. कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला की भुताला परतायला जागा मिळाली की ते त्रास देत नाही. अवेळी, हिंसेने मेलेल्याचे हुन आणि पो माणसांना चिकटून राहू शकतात, हेही त्यानेच सांगितलं.

हे वाचलं आणि मला वाईचा घाट दिसला. दहाव्याला कावळा शिवेना, तास झाला, भटजी घड्याळ बघायला लागले, आणि मग तू हात जोडून म्हणालास, "धाकटीचं शिक्षण मी पूर्ण करीन." तू सांगितलंस ना, तेव्हा लगेच कावळा पिंडावर उतरला. झिछानने केलं तेच तू केलंस. मागे राहिलेल्या लेकराची सोय लावलीस.

तू म्हणतोस छातीत काहीतरी अडकल्यासारखं होतं, श्वास पुरत नाही. डॉक्टरला दाखव, हे आधी कर, टाळाटाळ नको. पण चिनी वैद्यकात शोकाची जागाही फुफ्फुसंच मानली आहे, जिथे पो राहतात. तुला होतंय ते त्यांच्या लेखी विचित्र नाही.

अजून एक. प्राचीन चीनमध्ये माणूस गेला की एक जण त्याचं वस्त्र घेऊन छपरावर चढायचा, उत्तरेकडे तोंड करून तीनदा नावाने हाक मारायचा, परत ये म्हणायचा. मग ते वस्त्र खाली आणून प्रेतावर पांघरायचे. ओळखीचा वास, ओळखीचं सूत, त्या खुणेने हुन परत येईल ही आशा. तरीही जाग आली नाही तरच पुढची तयारी.

काकूंची ती हिरव्या काठाची साडी अजून दोरीवरच आहे म्हणालास, आणि वहिनी ती धुवायला काढणार आहेत. इतक्यात नको धुऊस. मी दिवाळीला येतोय, तोवर राहू दे.

तुझाच,
पम्या