आधी वेलचीचा खरेदीदार पाठवा, मग विळा

मा. केंद्रीय कृषिमंत्री यांस,
स.न.वि.वि.

मी सांगली जिल्ह्यातली. अरुणाचलच्या लोहित जिल्ह्यात काही वर्षं शाळेत शिकवलं. तिथल्या अफू पिकवणाऱ्या मिश्मी जमातीच्या पालकांसाठी हे लिहिते आहे.

फेब्रुवारीत एका विद्यार्थिनीच्या घरी गेले होते. तिची आई अफूच्या बोंडांना चिरा देऊन पाझरणारा चीक सुती पट्टीवर पुसून घेत होती. पट्टी वाळली की काम झालं. ती सडत नाही, तिला वजन नाही, गिऱ्हाईक दारात येतं. अंगणाच्या कडेला संत्र्यांचा ढीग नासत होता. व्यापाऱ्याची गाडी आलीच नव्हती. "मॅडम, संत्री कोण घेतं?" एवढंच ती म्हणाली. नवरा आत, अफूच्या नशेत.

१९८५चा अमली पदार्थविरोधी कायदा मला मान्य आहे. पण उभं पीक कापून पथक निघून जातं आणि पुढच्या हंगामात तीच बाई तेच बी पेरते. दुसरं काय करणार?

थायलंडने आधी बाजार उभा केला. १९६९ साली राजे भूमिबोल यांनी चियांग माईच्या डोंगरात अफूऐवजी दुसरी पिकं लावण्याचा प्रकल्प सुरू केला. पीच, भाज्या, कॉफी आली. १९७२ला फांगमध्ये फळप्रक्रियेचा कारखाना निघाला. सरकारने अफू मोठ्या प्रमाणावर उपटायला घेतली ती १९८०च्या दशकाच्या मध्यावर. मधली पंधरा वर्षं त्यांनी दम धरला.

आपल्याकडे अफूऐवजी लावायला रोपं वाटून गाडी परत जाते. मसाला वेलचीला तिसरं वर्ष उजाडावं लागतं, संत्र्याला त्याहून जास्त. तोवर घर कशावर चालायचं? माझ्या वडिलांची द्राक्षबाग आहे. बांधावर व्यापारी येतो, जवळ शीतगृह आहे, तरी छाटणीपासून जीव टांगणीला असतो. लोहितमध्ये तर सातबाराच नाही, जमीन कुळाच्या परंपरेने चालते. बँकेपुढे कागद कुठला ठेवायचा?

म्हणून विनंती: झाड फळावर येईपर्यंत त्या बाईच्या नावावर दरवर्षी रक्कम जमा व्हावी. वेलची वाळवायची भट्टी आणि वजनकाटा वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर असावा. व्यसनमुक्तीचा डॉक्टरही याच योजनेत हवा, नाहीतर वेलचीचे पैसेही नवऱ्याच्या अफूत जातील.

तिथे अफूची पेरणी ऑक्टोबरच्या सुमारास होते. वेलचीचा हमीभाव त्याआधी गावात जाऊन सांगा, मिश्मी भाषेत.

आपली,
एक शिक्षिका