हायब्रिडची बॅटरी घरीच बदलली

अशोक चौक, सोलापूर

चि. स्नेहल हिस,
अनेक आशीर्वाद.

आपली हायब्रिड गाडी, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी, चालू झाली. फोनवर तू 'अप्पा, हात लावू नका, विकून टाका' एवढंच घोकत होतीस, मला बोलूच दिलं नाहीस. म्हणून लिहून पाठवतोय. सावकाश वाच, आणि वाचून झाल्यावर रागाव.

दुखणं तू सांगितलंस तेच होतं. डिस्प्लेवरच्या चार्ज दाखवणाऱ्या कांड्या घटकेत भरलेल्या, घटकेत रिकाम्या. मागच्या सीटमागे पंखा घोंगावतोय आणि समोर इशाऱ्याचा त्रिकोण. स्कॅनर लावला तर पी-झिरो-ए-एटी, म्हणजे हायब्रिड बॅटरी बदला. या गाडीची बॅटरी म्हणजे ७.२ व्होल्टची ३४ मॉड्युलं, म्हणजे छोट्या बॅटऱ्या, एका पेटीत एकामागे एक जोडलेल्या, मिळून २४४.८ व्होल्ट. गाडीचा कॉम्प्युटर त्यांचे दोन-दोनचे १७ ब्लॉक करून मोजतो. ॲक्सिलरेटर दाबला की मधल्या एका ब्लॉकचा आकडा बाकीच्यांपेक्षा सव्वा व्होल्टने खाली जायचा. एका मॉड्युलात १.२ व्होल्टचे सहा सेल असतात, त्यातला एक गेलेला. मधलीच मॉड्युलं आधी जातात, कारण कडेच्यांना वारा मिळतो आणि मधली शेकत बसतात. त्यात हवा आत घेणारी जाळी धुळीने बुजलेली, आणि मे महिन्यातलं आपल्या सोलापूरचं ऊन मी तुला सांगायला नको.

ओळखीचा मेकॅनिक म्हणाला, जुन्या गाडीतलं एक मॉड्युल बसवून देतो, स्वस्तात होईल. मी नको म्हटलं. एकाच जुवाला म्हातारा बैल आणि खोंड जुंपल्यावर नांगर सरळ कसा चालेल? चार महिन्यांनी शेजारचं मॉड्युल जाणार, मग त्याच्या शेजारचं, आणि दर वेळी सीट काढा, पेटी उतरवा. म्हणून ३४ च्या ३४ नवीन मागवली. जुनी पेटी, पंखा, सेन्सर मात्र तेच ठेवले. पैशाचं मी बघून घेईन, त्यावर वाद नको.

आता तुझ्या भीतीबद्दल. भीती खोटी नाही. जन्मभर यंत्रमागाच्या विजेच्या मोटारी बांधल्या, ४१५ व्होल्टशी रोजचा व्यवहार, पण तो एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा करंट. एसीची ठिणगी क्षणोक्षणी शून्यावरून जाते म्हणून लवकर विझते. बॅटरीचा करंट डीसी, एकाच दिशेने वाहणारा, त्याची ठिणगी ओढली तर पेटतच राहते. म्हणून घाई अजिबात केली नाही. अंगठी, घड्याळ काढून आईकडे दिलं. गाडी बंद करून किल्ली घरात ठेवली. डिकीतल्या बारा व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह काढली. १००० व्होल्टचे रबरी हातमोजे, त्यांच्यावर चामड्याचे. रबराचे मोजे घालण्याआधी तोंड गुंडाळून आत हवा दाबून बघायची, सुईएवढं भोक असेल तरी फुस्स होतं. मग नारिंगी सर्व्हिस प्लग, म्हणजे बॅटरीची रांग तोडणारा खटका, उपसून थेट माझ्या खिशात, म्हणजे दुसरं कुणी मदत करायला जाऊन परत बसवायला नको. त्यानंतर दहा मिनिटं नुसतं बसायचं, इन्व्हर्टरमधले वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर रिकामे होईपर्यंत. मीटरवर शून्य बघितल्याशिवाय जास्त व्होल्टच्या नारिंगी वायरीला हात नाही.

आणि एक गोष्ट पुष्कळ जणांना माहीत नसते. प्लग काढला म्हणून पेटी मरत नाही, रांग फक्त मध्ये तुटते. दोन्ही तुकड्यांत जीव घेण्याइतके व्होल्ट शिल्लक असतात. मॉड्युलं एकमेकांना जोडणाऱ्या एका बाजूच्या सगळ्या पट्ट्या सुटल्या की मगच ती जोड्या-जोड्यांची, पंधरा-सोळा व्होल्टची निरुपद्रवी वस्तू होते. तोवर मोजे हातात, आणि आई खोलीच्या दारात. पेटी मात्र मी एकट्याने उचलली नाही, शेजारच्या दोघा पोरांना बोलावलं.

तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढलेला. आईने न विचारता पितांबरी आणून दिली. घासून, धुऊन, उन्हात कडकडीत वाळवल्या, देवाच्या ताम्हनासारख्या लखलखल्या. नवी मॉड्युलं रात्रभर समांतर, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, जोडून ठेवली, म्हणजे सगळी एका पातळीवर येतात. मग एक उलट, एक सुलट अशी रचून दोन्ही टोकांच्या प्लेटांमध्ये आवळली. मोकळी ठेवून चार्ज केली तर फुगतात. नट टॉर्क पान्याने, म्हणजे किती आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने, साडेपाच न्यूटन-मीटरच्या आसपास, त्याहून जास्त दिलं तर प्लास्टिकमधला बोल्टच फिरतो. झाकण लावण्याआधी प्रत्येक जोडी मोजली. एखादं मॉड्युल उलटं बसलं असतं तर जोडीचा आकडा जवळपास शून्य आला असता.

शेवटी गंमत झाली. सगळं बसवलं तरी गाडी 'रेडी' होईना. प्लग आत गेला होता, पण त्याची दांडी शेवटच्या खाचेत सरकली नव्हती. ती सरकेपर्यंत गाडी करंट सोडत नाही. बनवणाऱ्याला मानलं.

चाचणीला तुळजापूरला गेलो. आईला दर्शन, मला घाट. चढावर कांड्या हळूहळू उतरल्या, उताराला ब्रेक दाबला की बॅटरी चार्ज होते, तशा तितक्याच हळू भरल्या, आणि १७ ही ब्लॉक बरोबरीने चालले. गाडीतला गार हवेचा एसी चालू होता, तरी बॅटरीचा पंखा ऐकू आला नाही.

आता तू गाडी नेशील तेव्हा मागच्या सीटपाशी बॅग, उशी, ओढणी काही टाकायचं नाही, जाळी तिथेच आहे. ती दर दोन-तीन महिन्यांनी व्हॅक्यूमने साफ करायची. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची नाही. मी इथे दर आठवड्याला होटगी रोडपर्यंत फिरवून आणतो.

तुझे,
अप्पा

ता. क. जुनी मॉड्युलं पत्र्याच्या खोलीत टोकांना टेप लावून ठेवली आहेत. भंगारवाला निकेलच्या लोभाने रोज चकरा मारतो. त्याला द्यायची नाहीत. बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनी असल्या बॅटऱ्या रीसायकलिंगलाच गेल्या पाहिजेत. तुमच्याकडे पुण्यात नोंदणी असलेला कोणी घेणारा असेल तर विचारून कळव, पावतीसकट घेणारा.