लॉन लावण्याआधी माती तपासा

संपादक महोदय,

मे महिना आला की किनारपट्टीवर नव्या बंगल्यांपुढे आणि होमस्टेच्या अंगणांत ट्रकने तांबडी माती ओतली जाते. पहिल्या पावसाला तिच्यावर लॉनच्या चटया पडतात. पाऊस सरला की गवत पिवळं पडतं आणि मग नुसता युरिया मारला जातो.

खरा दोष मातीत असतो. आपल्या जांभ्याच्या मातीतून पावसाने चुना, मॅग्नेशियम धुऊन जातं, माती आम्ल होते. स्फुरद (फॉस्फरस) दिला तरी लोह आणि ॲल्युमिनियम तो धरून ठेवतात, मुळं वरच्या थरातच राहतात.

नमुना एप्रिलमध्येच घ्यावा. आठ-दहा ठिकाणी पालापाचोळा सरकवून १५ सेंमी खोल 'व्ही' आकाराचा खड्डा करायचा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासून प्लास्टिकच्या घमेल्यात घ्यायची. ती कालवून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे; अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत सुकवून कापडी पिशवीत भरावी, खताच्या जुन्या गोणीत नको. भराव म्हणजे ओतलेली माती आणि मूळ माती यांचे नमुने वेगळे हवेत. जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेकडून सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल आहे याचं माप; आकडा जितका कमी तितकी माती आम्ल), क्षारता, सेंद्रिय कर्ब, स्फुरद आणि पालाश (पोटॅश) काढून घ्यावेत.

सामू साडेपाचच्या खाली असेल तर गुंठ्याला साधारण २० किलो शेतीचा चुना किंवा डोलोमाइट वीतभर खोल मिसळावा. शेजाऱ्याने टाकला म्हणून मात्र टाकू नये. पुळणीलगतच्या शिंपल्यांच्या वाळूत किंवा गिलाव्याचा माल सांडलेल्या जागी सामू आधीच चढलेला असतो. तिथे चुन्याने लोह मिळेनासं होतं आणि पातं पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. चुना आणि युरिया किंवा सुपर फॉस्फेट एकत्र कधीच नको; तीन-चार आठवडे मध्ये जाऊ द्या.

कातळावर निचरा आधी बघा. फूटभर खड्डा पाण्याने भरून जिरू द्यावा, पुन्हा भरावा. तासाला इंचभरही उतरलं नाही, तर चर काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. कातळावर निदान २० सेंमी माती हवी.

जूनमध्ये लावायची घाई आम्हाला चुकीची वाटते. ओतलेली माती पावसात बसते, खळगे पडतात. आधी ती बसू द्यावी. उतारावर पेंढा अंथरून खालच्या अंगाला चिऱ्यांची ओळ लावावी. भरावातून आलेला लव्हाळाही याच काळात वर येतो. तो गाठींसकट खणून काढावा, निदान दोनदा, कारण उपटला तर गाठ खालीच राहते.

ऑगस्टअखेर गुंठ्याला २०० किलो कुजलेलं शेणखत आणि तीन किलो सुपर फॉस्फेट मिसळून जागा सपाट करावी आणि सप्टेंबरात लॉन लावावं. उन्हाच्या जागी हरळीच्या जाती, माडाखालच्या सावलीत कार्पेट गवत.

नर्सरीवाल्यांनी दर सांगताना माती तपासणीचा आणि तयारीचा खर्च वेगळा लिहून द्यावा, आणि ठेकेदारांनी पाया खणताना वरची वीतभर माती बाजूला राखावी, एवढी विनंती.

– लॉन व बागकाम व्यावसायिक, रत्नागिरी