तक्रार: वायर तुमचीच राहू दे, पण तिच्यावर दुसऱ्या कंपनीला येऊ द्या

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग
(आणि जमलं तर वरच्या एखाद्या साहेबांनी पण वाचावं, कारण खालच्यांच्या हातात काही नाही हे मला पाठ झालंय)

विषय: तीन दिवस बंद असलेलं नेट, जास्तीचं बिल, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये दुसरी कंपनी येऊ न देणं

सर / मॅडम,

मी तुमची २००३ पासूनची ग्राहक. नारायण पेठेत चौदा फ्लॅटची जुनी बिल्डिंग आहे आमची, तिच्यात तुमचा लँडलाईन पहिला घेतला तो मीच. माझ्या सासऱ्यांनी सरकारी फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितलेली, त्यामुळे तुमचा माणूस चार दिवसात तांब्याची वायर ओढून डायल टोन देऊन गेला तेव्हा घरात कौतुकच झालं होतं. मग त्याच वायरीवर नेट आलं, मग २०१९ मध्ये तुम्ही फायबर आणलं. म्हणजे मी काही उगाच खुसपट काढणारी बाई नाही, तुमच्याबरोबर वीस वर्षांच्या वर काढली आहेत.

आता झालं काय ते सांगते. मी घरून जीएसटीची रिटर्नं भरायची कामं करते. ज्याला या धंद्याची माहिती आहे त्याला २० तारीख म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, महिन्याच्या जीएसटी रिटर्नची, म्हणजे ३बी ची, शेवटची तारीख. गेल्या महिन्यात १८ ला संध्याकाळी मोडेमवर लॉसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागला. बंद चालू करून झालं, वायर काढून घालून झाली, तुमच्या कस्टमर केअरच्या मुलीने सांगितलं म्हणून रिसेटच्या भोकात पिन पण घालून झाली. तक्रार नोंदवली, डॉकेट नंबर आला, "२४ तासात होईल मॅडम". १९ ला कुणी नाही. २० ला दुपारी मेसेज आला की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे आणि कृपया रेटिंग द्या. दिवा लालच!

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर बसून रात्री साडेअकरापर्यंत बाकीच्यांची रिटर्नं भरली, पोर्टल त्या दिवशी कसं चालतं हे तुम्हाला माहीत नसेल पण प्रत्येक ओटीपीला देव आठवतो, आणि शेवटी रविवार पेठेतल्या एका दुकानदाराचं राहिलंच. एक दिवस उशीर, पन्नास रुपये लेट फी, पंचवीस केंद्राचे पंचवीस राज्याचे, वर व्याज. पन्नास रुपये ही रक्कम नाही, मी माझ्या खिशातून दिले. पण त्या माणसाने अकरा वर्षांत माझ्याकडे कधी लेट फी भरली नव्हती. तो काही बोलला नाही, नुसतं "असू दे ताई" म्हणाला, आणि तेच जास्त लागलं. लाईनमन २१ ला दुपारी आला, जिन्याखालचा बॉक्स उघडला, उंदराने फायबर कुरतडलं होतं, वीस मिनिटात जोडून गेला. वीस मिनिटांच्या कामाला तीन दिवस.

तर तक्रार नंबर एक ही, आणि त्या तीन दिवसांचं भाडं परत द्या. पण पत्र मी त्याच्यासाठी लिहीत नाहीये.

मी त्याच आठवड्यात ठरवलं की पुरे झालं, दुसरी कंपनी घेऊ. माझी बहीण इथून चालत सात मिनिटांवर राहते. तिच्याकडे तीन कंपन्यांच्या वायरी येतात. तिच्याकडे तुमचंच कनेक्शन आहे, १०० एमबीपीएस, महिना ४९९ अधिक जीएसटी. माझ्याकडे पण तुमचंच, १०० एमबीपीएसच, महिना ७९९ अधिक जीएसटी, म्हणजे ९४२ रुपये ८२ पैसे. मी कस्टमर केअरला विचारलं हा फरक कशाचा, तर म्हणे "तो एरिया ऑफरमध्ये आहे". नारायण पेठ ऑफरमध्ये का नाही? कारण आमच्याकडे जायला दुसरी जागा नाही, आणि ते तुम्हाला माहीत आहे. महिन्याला जीएसटी धरून ३५४ रुपये मी फक्त या गोष्टीचे देते की माझ्या जिन्यात तुमचा एकट्याचा बॉक्स आहे.

दुसऱ्या कंपनीचा मुलगा आला होता बघायला. बिचारा भला होता. त्याने रस्त्यापासून बिल्डिंगपर्यंतचा पाईप बघितला आणि म्हणाला काकू यात जागा आहे पण हा त्यांचा आहे, बॉक्सला पण त्यांचं कुलूप आहे, मला वेगळं खोदून आणावं लागेल. आता आमची गल्ली म्हणजे दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकाला मागे जावं लागतं. पावसाळ्यात खोदाईला परवानगी नाही, मग गणपती, मंडळाचा मांडव नेमका आमच्या दारात. महापालिकेला खोदाईचे पैसे भरायचे ते वेगळेच, आणि चौदा फ्लॅटपैकी समजा पाच जणांनी कनेक्शन घेतलं तर त्याची कंपनी एवढा खर्च कशाला करेल? वरून टाकू म्हणाला, झाडावरून आणि विजेच्या खांबावरून, ते सोसायटीने नको म्हटलं आणि बरोबरच केलं, आधीच गल्लीवर जाळं झालंय वायरींचं.

मी तुमच्या लाईनमनला विचारलं, तुमच्या पाईपमधून त्या दुसऱ्या कंपनीची एक वायर जाऊ दिली तर तुमचं काय बिघडतं. तो म्हणाला "मॅडम, पाईप आमचा आहे."

हो, पाईप तुमचा आहे. पण रस्ता तुमचा नाही, जिना तर नाहीच नाही. २०१९ मध्ये आमच्या चेअरमनने तुमच्या कागदावर सही केली आणि बदल्यात सोसायटीच्या कॅमेऱ्यांना एक कनेक्शन फुकट मिळालं. चेअरमन चांगला माणूस आहे, त्याला वाटलं फायदा करून दिला. बॉक्सच्या जागेचं भाडं शून्य. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात राईट ऑफ वे, म्हणजे वायर न्यायच्या हक्काबद्दल स्पष्ट म्हटलंय की भेदभाव करू नये आणि शक्यतो एकालाच देऊ नये. ट्रायने, म्हणजे फोन-नेट कंपन्यांच्या सरकारी नियामकाने, २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीचं स्टार रेटिंग द्यायचे नियम काढलेत, आमच्या बिल्डिंगला अर्धा स्टार मिळाला तरी मी पेढे वाटीन.

आता तुम्ही म्हणाल की आम्ही पैसे घालून वायर टाकली, ती दुसऱ्याला फुकट कशी द्यायची. फुकट कोण म्हणतंय? भाड्याने द्या!

माझी नणंद कांदिवलीला राहते. तिच्या घरात विजेची वायर अदानीची, आधी ती रिलायन्सची होती, त्याच्या आधी बीएसईएसची. पण तिचं बिल येतं टाटाचं. २००९ मध्ये वीज नियामक आयोगाने परवानगी दिली तेव्हा उपनगरातल्या लोकांनी त्याच वायरीवर कंपनी बदलली, रस्ता खणला नाही की खांब हलला नाही, मीटर तेवढा बदलला. वायर ज्याची त्याला वायर वापरल्याचे पैसे मिळतात, वीज ज्याची त्याला विजेचे. आमच्या महावितरणच्या बिलावर सुद्धा "वहन आकार" अशी वेगळी ओळ असते, कधी बघा काढून. तिकडे पण सगळं गोड झालं असं नाही, सरचार्जवरून दोन्ही कंपन्या कोर्टापर्यंत भांडल्या. पण निदान माझ्या नणंदेला दोन दारं होती. मग विजेचं जे जमतं ते नेटचं का नाही जमत? वीज तर शॉक देते.

आणि हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही. ट्रायने २००४ मध्येच शिफारस केली होती की घराघरात गेलेल्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारा दुसऱ्या कंपन्यांना वापरायला खुल्या करा. त्याचे प्रकार पण होते, एक तर अख्खी तार दुसऱ्याला द्यायची, नाहीतर बोलणं तुमचं आणि नेट दुसऱ्याचं अशी एकाच तारेवर वाटणी, नाहीतर तार आणि मशीन तुमचंच आणि त्याच्यावरून दुसऱ्याने नेट विकायचं. त्याच वर्षी ऑक्टोबरात सरकारचं ब्रॉडबँड धोरण आलं आणि त्यात ही सक्ती गायब, कंपन्यांनी आपसात ठरवून काय ते करावं असं. आपसात कोण ठरवणार हो? ज्याच्या हातात किल्ली आहे तो कशाला कुलूप काढेल. त्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे २५६ केबीपीएस अशी व्याख्या होती आणि २०१० पर्यंत दोन कोटी कनेक्शनचं टार्गेट होतं, ते काही वायरीवर पुरं झालं नाही. पुढे लोकांच्या हातात नेट आलं ते मोबाईलमुळे.

तेच जपानमध्ये बघा. तिथे जुन्या कंपनीला, एनटीटीला, आपल्या तारा दुसऱ्यांना स्वस्त भाड्याने द्यायला लावलं, आणि २००१ मध्ये सॉफ्टबँकने याहू बीबी म्हणून त्याच तारांवर ८ एमबीपीएस विकायला काढलं, स्टेशनबाहेर पोरं उभी करून मोडेम फुकट वाटले. आमच्या धोरणात २५६ केबीपीएस लिहिलं त्याच्या तीन वर्षं आधीची गोष्ट ही. माझी भाची इंग्लंडमध्ये रीडिंगला असते, तिथे २००६ पासून बीटी या जुन्या फोन कंपनीच्या तारा सांभाळायला ओपनरीच नावाचं वेगळं खातं केलंय, नंतर त्याची वेगळी कंपनीच केली. ते सगळ्यांना एकाच नियमाने लाईन भाड्याने देतात. तिने दोनदा कंपनी बदलली, भिंतीतला सॉकेट तोच. आता २०२४ पासून तर नव्या कंपनीला सांगितलं की जुनीला फोन पण करावा लागत नाही म्हणे. ती सांगते की बिघाड झाला की कधीकधी नेटवाला म्हणतो लाईनचा दोष, आणि लाईनवाल्याचा माणूस मिळायला दिवस जातात. ते मला मान्य आहे, त्रास तिथेही आहे. पण दोष कुणाचा यावर भांडायला तिथे दोघं तरी आहेत, इथे एकटेच तुम्ही, आणि तक्रार सोडवली म्हणून मेसेज पाठवणारे पण तुम्हीच.

तुमचे वकील अमेरिकेचं उदाहरण देतील ते पण मला माहीत आहे. तिथे १९९६ च्या कायद्याने तारा खुल्या केल्या आणि २००३ मध्ये त्यांच्या एफसीसीने, म्हणजे तिकडच्या ट्रायने, तारेवरची ती वाटणी काढून घेतली, कारण असं दिलं की कंपन्या नवी गुंतवणूक करणार नाहीत. गुंतवणुकीचं म्हणाल तर आमच्या बिल्डिंगमध्ये तुमची शेवटची गुंतवणूक २०१९ ची आहे. त्यानंतर उंदरासाठी साधी जाळी पण बसवली नाही.

आणि मोबाईलचे टॉवर? ते एकमेकांत वाटून घेताच की सगळे. एकाच लोखंडी सांगाड्यावर तीन कंपन्यांचे अँटेना लटकलेले मी रोज गच्चीतून बघते. तिथे पाईप कुणाचा, लोखंड कुणाचं असा प्रश्न येत नाही कारण तिथे वाटून घेण्यात तुमचा खर्च वाचतो. मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय २०११ च्या जानेवारीत देशभर झाली आणि त्यानंतर तुमचेच लोक फोन करकरून "मॅडम जाऊ नका" म्हणायला लागले, आठवतंय ना? लँडलाईनला ती सोय नाही. माझा वीस वर्षांचा नंबर सगळ्या क्लायंटकडे, बँकेत, गॅसवाल्याकडे. तो सोडून जायचं म्हणजे घर बदलल्यासारखंच.

तर माझी मागणी लिहून देते, फिरवाफिरव नको.

१८ ते २१ तारखेपर्यंतचं भाडं पुढच्या बिलात वजा करा, आणि जी तक्रार न सोडवता बंद केली ती पुन्हा उघडून खरी तारीख घाला. बहिणीला ज्या दरात देता त्या दरात मला द्या, किंवा ३०० रुपये जास्त का ते लेखी कळवा, "एरिया ऑफर" सोडून दुसरं काहीतरी कारण. आणि मुख्य म्हणजे आमच्या पाईपमधून आणि जिन्याखालच्या बॉक्समधून दुसऱ्या कंपनीची वायर जायला किती भाडं घ्याल ते सोसायटीला लेखी द्या. पाईप द्यायचा नसेल तर तुमच्याच फायबरवर तिला नेट देऊ द्या आणि तिच्याकडून वहन आकार घ्या. रक्कम वाजवी असेल तर आम्ही बिल्डिंगवाले बघू. सव्वीस तारखेला सोसायटीची मीटिंग आहे, त्यात मी हा विषय लावलाय आणि २०१९ चा तो कागद पण काढायला सांगितलाय.

उत्तर नाही आलं तर तुमच्याच अपील ऑथॉरिटीकडे जाणार, तिथे फी नाही आणि ३९ दिवसात निकाल द्यावा लागतो हे मी वाचलंय. त्यानंतर ग्राहक आयोग (पूर्वीचा ग्राहक मंच), २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की फोनवाल्यांविरुद्ध तिथे जाता येतं. कागद नीट लावून फाईल करणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, तेवढं लक्षात असू द्या.

डॉकेट नंबर, "तक्रार सोडवली" वाल्या मेसेजचा फोटो, कुरतडलेल्या फायबरचा फोटो, माझं आणि बहिणीचं बिल, आणि पन्नास रुपयांच्या लेट फीचं चलन सोबत जोडलंय.

कळावे,
तुमची एक जुनी ग्राहक
नारायण पेठ, पुणे

ता. क. तुमच्या लाईनमनची शिडी २१ तारखेपासून आमच्या जिन्यात आहे. बॉक्सचं भाडं नाही तर नाही, निदान शिडी तरी घेऊन जा, दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना वळसा घालून उतरावं लागतं.