'सर, कंपोझर सेम आहे ना?' : मागितलं एक, पाठवलं भलतंच

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन संगीतविक्री विभाग

विषय : १४ जानेवारीच्या ऑर्डरमध्ये चुकीची ध्वनिमुद्रणं पाठवल्याबद्दल

महोदय,

१४ जानेवारीला मी तुमच्या वेबसाइटवरून दोन सीडी संच मागवले. एक, संगीतकार बाखच्या बी मायनर मिस्साचं, म्हणजे चर्चच्या लॅटिन प्रार्थनांना दिलेल्या संगीताचं, संचालक जोशुआ रिफ्किन यांचं १९८२ सालचं ध्वनिमुद्रण. दुसरा, संगीतकार हँडलचा 'मसाया', म्हणजे येशूवरची गायक आणि वाद्यवृंदासाठीची मोठी इंग्रजी कृती, संचालक ख्रिस्तोफर हॉगवूड यांचा, १९८० सालचा. ३,१८० रुपये आगाऊ भरले. नऊ दिवसांनी पार्सल आलं. त्यात हे दोन्ही नव्हते.

आधी बाखचं सांगतो. रिफ्किनऐवजी संचालक कार्ल रिख्टर यांचं म्युनिकचं १९६१ सालचं ध्वनिमुद्रण निघालं. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही. काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून घेतलेली त्याची रेकॉर्ड माझ्याकडे चाळीस वर्षं आहे आणि पहिला 'किरिए' (मिस्साचा सुरुवातीचा भाग) सुरू झाला की अजूनही अंगावर काटा येतो. पण ते माझ्याकडे आहे, म्हणूनच मला दुसरं हवं होतं.

का हवं होतं, तेही लिहितो, कारण फोनवर ते कुणी ऐकूनच घेतलं नाही. मी वसईला राहतो, चर्चच्या कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, बास (सगळ्यात खालचा आवाज) गातो. आम्ही सगळे मिळून अकरा जण, त्यात बास तीन, आणि तिसऱ्याला लोकल मिळाली तर. येत्या ईस्टरसाठी याच मिस्साचा शेवटचा भाग, 'दोना नोबिस पाचेम', बसवतो आहोत. रिख्टर यांच्याकडे मोठा कॉयर आहे. चारही आवाज एकावर एक चढत जातात तेव्हा समुद्राची लाट आल्यासारखं वाटतं, पण लाटेतून आपली ओळ वेगळी काढता येत नाही. रिफ्किन यांनी एकेका ओळीला एकेकच गायक ठेवला आहे. बाखच्या काळच्या ज्या हस्तलिखित प्रती उरल्या आहेत, त्यांवरून त्यांनी १९८१ मध्ये मांडलं की बाखचा कॉयर बहुतेक वेळा एवढाच असे. यावर विद्वानांत अजून भांडण आहे. खुद्द बाखनेच १७३० साली लायप्झिगच्या नगर परिषदेला लिहून दिलं होतं की प्रत्येक आवाजाला निदान तीन गायक हवेत, चार असले तर उत्तम. त्या भांडणात मला पडायचं नाही. मला एवढंच हवं होतं की आमच्या टेनरने (बासच्या वरचा पुरुषी आवाज) आपली ओळ सुटी ऐकावी आणि दर रविवारी माझ्या ओळीत येऊन बसू नये.

ग्राहक सेवेला फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, कंपोझर सेम आहे ना? म्युझिक तेच आहे." मी तिच्यावर रागावलो नाही. तिच्या स्क्रीनवर तेवढंच दिसत असणार. तुमच्या साइटवर या संचापुढे 'कलाकार' या रकान्यात लिहिलं आहे : जे. एस. बाख. बाख १७५० मध्ये वारले, महोदय. भीमसेन जोशींचा मालकंस मागणाऱ्याला कुमारांचा देऊन 'राग तोच आहे' असं तुम्ही नक्कीच सांगणार नाही. इथे तर गाणाऱ्यांची संख्यासुद्धा बदलते.

तीनदा फोन केल्यावर बदली म्हणून तुम्ही रिफ्किनच्या डाउनलोडची लिंक पाठवलीत. या वेळी ध्वनिमुद्रण बरोबर होतं, पण तुकडे करताना प्रत्येक तुकड्याच्या शेवटी दोन सेकंदांची शांतता घातलेली आहे. सिनेमाच्या गाण्यांना हे चालून जाईल. या मिस्सात 'कॉन्फितेओर' या भागाच्या शेवटी लय एकदम मंदावते, सूर पायाखालची जमीन सरकल्यासारखे हलत राहतात, आपण कुठल्या पट्टीत आहोत तेच कळेनासं होतं, आणि त्या अंधारातूनच तुताऱ्या आणि नगाऱ्यांसह 'एत एक्स्पेक्तो' उसळून वर येतं. मेलेले उठतील अशी आशा मी धरतो, असे ते शब्द आहेत. मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. तुमच्या फाइलमध्ये नेमकी तिथेच शांतता आहे. पहिल्यांदा मला वाटलं, वीज गेली. 'क्वोनियाम' हा भाग संपून 'कुम सांक्तो स्पिरितू' सुरू होतं तिथेही हेच झालं आहे.

आता 'मसाया'. हॉगवूडचं चित्र पाहून ऑर्डर दिली आणि आला तो मोझार्टने १७८९ मध्ये व्हिएन्नात नव्याने बांधलेला, जर्मन भाषेतला. मी इंग्रजी ऐकायला कान लावून बसलो होतो, बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "हे काय लावलंय?" अंधारात चालणाऱ्या लोकांबद्दलचा बासचा आरिया (एकट्याने गायचं गाणं) मला तोंडपाठ आहे. हँडलने तिथे तंतुवाद्यं गायकाच्या ओळीला चिकटून ठेवली आहेत, सोबतीला दुसरं काही नाही; आंधळ्याने भिंत चाचपत जावं तसं ते चालतं. मोझार्टने त्यात बासरी, क्लॅरिनेट आणि बसून ही फुंकून वाजवायची वाद्यं भरली. सुंदर आहे, पण भिंत गेली.

'मसाया तो मसाया' असं या कृतीबाबत म्हणताच येत नाही. १७४२ मध्ये डब्लिनला पहिल्यांदा गायला गेला, त्यानंतर हाती जसे गायक असतील तसा हँडल तो बदलत गेला. १७५० मध्ये ग्वादान्यी हा गायक मिळाला तर त्याच्यासाठी एक आरिया नव्याने लिहिला. १७५४ मध्ये लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलात, म्हणजे टाकून दिलेल्या बाळांच्या अनाथालयात झालेल्या प्रयोगाचा हिशेब शिल्लक आहे, कुणाला किती पैसे दिले तेही त्यात आहे. हॉगवूड यांनी तोच प्रयोग पुन्हा उभा केला, वाद्यं त्या काळच्या घडणीची, वरचा आवाज मुलांचा. मी पैसे भरले ते या प्रयोगासाठी.

माझ्या मागण्या अशा. रिख्टर आणि मोझार्ट दोन्ही संच परत न्या. रिफ्किनची सीडी, किंवा मध्ये शांतता न घालता केलेली फाइल द्या. हॉगवूड तुमच्याकडे नसेल तर त्याचे पैसे परत करा; 'तत्सम दुसरा' नको. आणि साइटवरचा 'कलाकार' हा रकाना दुरुस्त करा : संचालक, कॉयर, ध्वनिमुद्रणाचं साल, कृतीची कुठली आवृत्ती, वाद्यं जुन्या घडणीची की आजची. जुन्या घडणीची असली तर पट्टी बहुधा अर्धा स्वर खाली असते. सीडी लावून सोबत गाणाऱ्याला हे आधी कळायला हवं, नाही तर ऑर्गन घेऊन बसलेली आमची बाई मलाच बेसूर ठरवते.

वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, असं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, हेही त्यातच आहे. माझ्या पहिल्या ईमेलला आज सव्वीस दिवस झाले, पोच नाही. महिना भरला की मी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आहे. बिल, पार्सलचे फोटो आणि दोन्ही फाइलींचे तुकडे सोबत जोडले आहेत.

संच न्यायला माणूस पाठवाल तेव्हा रविवारी संध्याकाळी पाठवू नका. सराव असतो, बेल ऐकू येत नाही.

आपला,
एक ग्राहक, वसई